चतकोर कमी

नारायण बागेतल्या स्वयंपाकघरात
सकाळी साडेआठला मी पोहे तोलते.
काटा जुना, कॉलेजने भंगारात काढला तेव्हा
बारा रुपयांना घेतलेला.
एका पारड्यात पितळी वजनं,
दुसऱ्यात ह्यांचा नाश्ता.
शेव वेगळी. शेवेला चिमूट हेच माप.

एकोणतीस वर्षं मी उंदरांना जेवू घातलं.
डावीकडचे पिंजरे पोटभर,
उजवीकडच्यांना दहातल्या सातच गोळ्या.
डॉक्टर मुजुमदार म्हणायचे,
वसुमती, हात सैल सोडायचा नाही,
एक गोळी जास्त पडली की सगळा हिशोब बाटला.

दोन वर्षांत डावीकडचे म्हातारे व्हायचे.
गुबगुबीत, पाठीवरचे केस विरळ,
टाकीत सोडलं की नुसते गोल गोल पोहायचे;
दुधाळ पाण्याखालचा चौथरा
काल सापडलेला, आज नाही.
उजवीकडचे हडकुळे,
वय तेच,
पट्टीने रेघ ओढावी तसे जायचे.
चौदा सेकंद. अकरा. एकदा तर नऊ.
मी वहीत लिहायची
आणि टॉवेलने त्यांना पुसायची.

म्हणून गेल्या थंडीत
हे राजवाड्यावरून लवंगी शेव आणायला गेले
आणि कृष्णपुऱ्याच्या पुलावर दोन तास उभे राहिले,
पूल ओळखीचा, फक्त
घर त्याच्या कुठल्या टोकाला ते आठवेना,
तेव्हा मी नवस बोलले नाही.
माळ्यावर चढून काटा काढला.

रात्रीचं जेवण आता सहाला.
पोळी दीड होती, तिचा चतकोर कमी.
जलेबी बंद, दुपारचं केळं अर्धं.
हे कुरकुरत नाहीत. मिलच्या टाइम ऑफिसात
जन्म गेला, मापाला मान देतात.
विभावरी पुण्याहून फोनवर म्हणते,
आई, ते उंदीर होते गं.
मला काय ठाऊक नाही?
मीही डॉक्टरांना विचारलं होतं, माणसांचं काय?
ते चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, माणूस पिंजऱ्यात राहत नाही,
म्हणून नक्की कुणालाच सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहिली नव्हती.
रात्रपाळीला दिवे मालवले की
डावीकडे सगळं शांत,
आणि उजवीकडे
गज कुरतडल्याचा आवाज.
पहाटेपर्यंत.
त्या आवाजाला रकाना नव्हता.

परवा रात्री एक वाजता जाग आली.
हे पलंगाच्या कडेला बसून बोलत होते,
हळू, कुणाला वाट सांगावी तसे.
सराफ्यात शिरलं की आधी दुकानांची फळकुटं लागतात,
मग भुट्ट्याच्या किसाचा वास,
तिथे थांबायचं नाही,
पुढे वळलं की गराडूवाला.
कढई मोठी. तो तुकडे दोनदा तळतो,
लिंबू आपल्यासमोर पिळतो,
जिरावन वरून, हात उंच धरून.
एकही वळण चुकलं नाही.
माझा अंगठा आपोआप दाबला गेला
हातात नसलेल्या घड्याळावर.

ती होती बरोबर, म्हणाले,
हिरव्या शालीतली. नवीन लग्न.
तिला म्हटलं, फुंकून खा, जीभ भाजेल.
भाजलीच.
आणि माझ्याकडे बघून हसले,
अनोळखी माणसाला एखादा मजेदार किस्सा सांगून
हसावं तसे.

कापलेल्या चतकोरांनी ही वाट उजळली
की भुकेला आपली वाट मुळात पाठच असते,
मला कळेना.
शाल अजून ट्रंकेत आहे.
तेही बोलले नाही.

उठले. डबा उघडला.
ठेवलेला चतकोर घेतला, त्यावर साजूक तूप, साखर,
गुंडाळी केली,
न तोलता.
हे ती दोन्ही हातांत धरून बसले,
आणि त्या गार पोळीवर
कितीतरी वेळ
फुंकर घालत राहिले.